बोट ट्रेलरवर घालून रस्त्यावरून नेताना

बोट पाण्यासाठी बांधलेली असते. पाण्यात तिचं वजन सगळ्या तळावर वाटलं जातं आणि ती आपला तोल आपण सांभाळते. तीच बोट ट्रेलरवर चढली की सगळा भार दोन टायर, त्यांना जोडणारा एक धुरा आणि मुठीत मावेल एवढा एक पोलादी गोळा यांच्यावर येतो. गोळ्याच्या पुढे तुमची गाडी, मागे बोट. गाडी बोटीला ओढते हे सगळ्यांना दिसतं. पण बोटही गाडीला ढकलते, खेचते आणि वेळ आली तर फिरवते. पहिल्यांदा ट्रेलर ओढणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, आणि लक्षात येतं तेव्हा बहुतेक वेळा गाडी वेगात असते.

बरेच जण समजतात की हात साफ असला, गाडी दणकट असली की झालं. मला हे पटत नाही. ट्रेलर रस्त्यावर कसा वागणार हे बव्हंशी गाडी जागची हलण्याआधीच ठरलेलं असतं. वजन किती, ते कुठे ठेवलंय आणि कशानं बांधलंय, यावर ते अवलंबून असतं. म्हणून या लेखात स्टिअरिंगपेक्षा वजनाबद्दल जास्त बोलणार आहे.

खरं वजन किती?

माहितीपत्रकात छापलेलं बोटीचं वजन पुष्कळदा नुसत्या सांगाड्याचं असतं. एक हिशेब मांडून बघू. बोट ९०० किलो. मागचं आउटबोर्ड इंजिन १८० किलो. टाकीत १२० लिटर पेट्रोल. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे ९० किलो. दोन बॅटऱ्या ५०, नांगर आणि त्याची साखळी ३०, पिण्याचं पाणी ५०, दोर, लाइफ जॅकेट, खोकी मिळून १००. वर ट्रेलर स्वतः ३५०. बेरीज झाली १,७५० किलो. नऊशे किलोंची बोट न्यायची म्हणून निघालेला माणूस जवळजवळ त्याच्या दुप्पट वजन ओढतोय.

हा आकडा गाडीची ओढण्याची क्षमता, हिचची (गाडीच्या मागची, ट्रेलर जोडायची बैठक), बॉलची (तिच्यावरचा तो पोलादी गोळा) आणि ट्रेलरची क्षमता अशा चार ठिकाणी ताडून बघायचा. या चारांत जो आकडा सगळ्यात लहान, तीच तुमची मर्यादा. दीड टन ओढू शकणाऱ्या गाडीला तीन टनांची हिच बसवली तरी गाडी दीड टनाचीच राहते. शिवाय दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. हिचवर येणारा भार हा गाडीतल्या माणसांसारखाच गाडीच्या पाठीवरचा भार असतो, त्यामुळे चार जण आणि भरलेली डिकी असेल तर तेवढी जागा आधीच संपलेली असते. आणि गाडी अधिक ट्रेलर यांच्या एकत्र वजनालाही निर्मात्यानं वेगळी मर्यादा घातलेली असते.

अंदाज करत बसण्यापेक्षा प्रवासाला निघताना जसं भरायचं तसं सगळं भरून एकदा वाहनांच्या मोठ्या वजनकाट्यावर जावं. ट्रेलर गाडीला जोडलेला असताना फक्त त्याची चाकं काट्यावर घेतली की चाकांवरचा भार कळतो. मग ट्रेलर सोडून सगळाच्या सगळा तोलायचा. दोन्हींतला फरक म्हणजे हिचवर पडणारं वजन. पुढचा सगळा खेळ या एका आकड्याचा आहे.

गाडी उलाळ होणं

बैलगाडीत माल मागच्या बाजूला जास्त भरला की जू वर उचललं जातं. मराठीत याला गाडी उलाळ होणं म्हणतात. बोटीच्या ट्रेलरची गोष्ट अगदी तीच आहे, फरक वेगाचा. बैलाच्या चालीनं जाणारी उलाळ गाडी त्रास देते. ताशी ८० किलोमीटरनं जाणारा उलाळ ट्रेलर मागून गाडीच उलटवू शकतो.

असं का होतं? बाण आठवा. त्याचं जड टोक पुढे आणि पिसं मागे, म्हणून तो सरळ जातो. ट्रेलरमध्ये पिसांचं काम टायर करतात. वाऱ्याचा झोत आला, खड्डा लागला, चालकानं स्टिअरिंग जरा हलवलं की ट्रेलर किंचित एका बाजूला सरकतो. वजनाचा मध्य धुऱ्याच्या पुढे असेल तर टायर त्याला पुन्हा रांगेत आणतात, आणि एकदोन झोक्यांत तो शांत होतो. मध्य धुऱ्याच्या मागे गेला की मागचं जड टोक टायरांना न जुमानता बाहेर जायला बघतं. मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होऊ लागतो. यात वेगाचा वाटा फार मोठा आहे. वेग वाढतो तशी झोका शमवण्याची टायरांची ताकद अपुरी पडत जाते. एका ठराविक वेगाच्या पुढे झोका शमत नाही, उलट फुगत जातो. तो वेग प्रत्येक जोडीचा वेगळा असतो. वजन नीट भरलेलं असलं की तो तुमच्या प्रवासाच्या वेगापेक्षा बराच वर राहतो. म्हणूनच ७० ला अगदी शहाण्यासारखा चालणारा ट्रेलर ९५ ला अचानक शेपूट हलवायला लागतो, आणि चालकाला कळत नाही की एवढ्यात काय बदललं.

मग हिचवर किती वजन हवं? अमेरिकेत साध्या ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरण्याचा प्रघात आहे. बोटीच्या ट्रेलरला त्याहून थोडं कमीही चालतं, आणि युरोपातल्या गाड्यांसाठी तर निर्माते याहून लहान आकडे देतात. तुमच्या गाडीच्या आणि ट्रेलरच्या पुस्तिकेतला आकडा शेवटचा. आपल्या १,७५० किलोंच्या उदाहरणात ८ टक्के धरले तर १४० किलो होतात.

पुढे जास्त भार दिला तर काय बिघडतं, असं कुणी विचारेल. हिच गाडीच्या मागच्या धुऱ्यापासून १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन धुऱ्यांत २.८ मीटर अंतर आहे असं समजा. हिचवर १४० किलो ठेवले की तरफेच्या न्यायानं पुढच्या चाकांवरचे ६० किलो उचलले जातात आणि मागच्या धुऱ्यावर २०० येतात. भार दुप्पट केला तर पुढून १२० किलो जातील. स्टिअरिंग हलकं लागेल, पुढची चाकं वळणावर घसरतील, ब्रेकची पकड कमी होईल आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातील. म्हणजे दोन्हीकडे धोका आहे. मात्र उलाळ जास्त घातक.

मोठा काटा जवळ नसेल तर माणसांचा साधा वजनकाटाही चालतो. १४० किलो त्याच्यावर थेट ठेवू नयेत. एक मजबूत फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर टेकवा, दोन्हींची उंची सारखी करा. ट्रेलरचा दांडा, म्हणजे हिचला जोडलं जाणारं त्याचं पुढचं टोक, फळीवर अशा जागी ठेवा की विटेपासूनचं अंतर एक भाग आणि काट्यापासूनचं दोन भाग असेल. काटा दाखवील त्याची तिप्पट म्हणजे दांड्यावरचं वजन. ४७ दिसले तर १४१. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करा, ट्रेलरच्या चाकांखाली दोन्हीकडून ठोकळे लावा आणि ट्रेलर ओढताना असतो तेवढाच आडवा, सपाट ठेवा. दांडा वरखाली असला तर आकडा बदलतो.

आकडा कमी आला तर सामान पुढे सरकवा. धुऱ्यापासून हिचपर्यंत ५ मीटर असतील तर ३० किलोंचा नांगर ४ मीटर पुढे नेल्यानं दांड्यावर २४ किलो वाढतात. तेवढ्यानं भागलं नाही तर विंचचा, म्हणजे बोट ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चरखीचा, खांब पुढे घेऊन बोटच सरकवावी लागते. आपली भरलेली बोट १,४०० किलोंची आहे; ती फक्त १० सेंटिमीटर पुढे गेली तरी दांड्यावर २८ किलो चढतात. उलट भार कमी करायचा म्हणून बोट मागे ओढताना एक काळजी घ्या. बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला, जिथे इंजिन बसतं, ट्रान्सम म्हणतात. ट्रान्सम आधाराच्या फळ्यांच्या बाहेर लोंबता कामा नये, नाहीतर इंजिनाच्या वजनानं बोटीचा तळ कायमचा वाकतो. अशा वेळी ट्रेलरचा धुराच पुढे घेणं हा बरा उपाय.

इंधनाची टाकी बहुतेक बोटींत मागे असते. धुऱ्याच्या एक मीटर मागे असलेल्या टाकीत ९० किलो पेट्रोल भरलं की दांड्यावरचे १८ किलो कमी होतात. म्हणजे रिकाम्या टाकीनं तोललेली बोट भरल्या टाकीनं वेगळी वागते. आणखी एक बारकावा: नांगर एका टोकाला आणि बॅटऱ्या दुसऱ्या टोकाला ठेवून काटा बरोबर आला, तरी ते चांगलं नव्हे. दोन टोकांना जड असलेला ट्रेलर एकदा झुलू लागला की थांबायला वेळ घेतो. जड सामान शक्यतो धुऱ्याच्या आसपास, जरासं पुढे आणि तळाशी ठेवावं.

जोडणी

बॉल वेगवेगळ्या मापांत मिळतात. ५० मिलिमीटरचा बॉल जगाच्या मोठ्या भागात चालतो; अमेरिकेत दोन इंच, म्हणजे ५०.८ मिलिमीटर, हे माप फार आढळतं, आणि तिथेच त्याहून लहान व मोठी मापंही सर्रास वापरात आहेत. कपलर, म्हणजे बॉलवर बसणारी टोपी, कोणत्या मापाची आहे हे तिच्यावरच कोरलेलं असतं. लहान बॉलवर मोठी टोपी बसते, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या उसळीला निघून येते. नजरेनं ठरवू नका, कोरलेला आकडा वाचा.

कडी लागल्यावर तिच्या भोकात पिन घाला. मग ट्रेलरचा पुढचा जॅक फिरवून दांडा वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग दांड्याबरोबर वर आला तर जोडणी पक्की आहे. नुसती टोपीच वर आली तर ती बॉलच्या बाजूला अडकून बसली होती. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी मी कधीच सोडणार नाही. नंतर जॅक पूर्ण वर घेऊन अडकवायला विसरू नका.

सुरक्षा साखळ्या दोन असतात आणि त्या दांड्याखालून एकमेकींना छेदून बांधायच्या, डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे. कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी या फुलीच्या झोळीत पडतो. वळणापुरती ढील द्या, पण साखळी रस्त्याला घासू देऊ नका. घासून ती झिजते आणि ठिणग्याही उडतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर आणखी एक बारीक तार असते. ट्रेलर पूर्ण सुटला तर ती ताणली जाऊन त्याचे ब्रेक लावते. ही तार गाडीच्या पक्क्या भागाला अडकवा. साखळीलाच किंवा बॉलच्या मानेला गुंडाळली तर ऐन वेळी ती कामी येईल याची खात्री नाही.

दिव्यांची तपासणी दुसऱ्या माणसाला मागे उभं करून करा. इंडिकेटर लावला की मागचा लाल दिवाही मंद लुकलुकतो, असं दिसलं तर बल्बच्या आधी अर्थिंगची तार बघा. पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरची अर्थिंग गंजते, आणि दिव्यांच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात असं माझं मत आहे.

बोट ट्रेलरला बांधलेली हवी

विंचचा पट्टा बोट ट्रेलरवर ओढून घ्यायला असतो. प्रवासात बोट जागेवर ठेवायचं काम त्याच्या एकट्यावर टाकू नये. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, तिथल्या कडीतून एक वेगळी साखळी थेट ट्रेलरच्या सांगाड्याला जायला हवी. विंचची दातेरी चकती निसटली तर बोट तीच धरून ठेवते. मागे ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांना दोन रॅचेट पट्टे, खाली ट्रेलरला ताणून. मागचे पट्टे नसतील तर प्रत्येक खड्ड्यावर बोटीचा मागचा भाग उचलून फळ्यांवर आपटतो. लांब सपाट पट्टा वाऱ्यात जोरानं थरथरतो आणि गुणगुणतो; त्याला एक पीळ दिला की थांबतो. कडेवर घासत असेल तिथे खाली जाड कापड घाला.

आउटबोर्ड इंजिन वर तिरपं करून न्यावं लागतं, नाहीतर पंखा रस्त्याला लागेल. पण तिरपं इंजिन प्रत्येक धक्क्याला ट्रान्समवर तरफेसारखं जोर देतं. इंजिनाच्या बैठकीतला छोटा आडणा बहुधा उभ्या बोटीत काम करताना इंजिन वर ठेवण्यापुरता असतो. रस्त्यासाठी इंजिन आणि ट्रेलरचा सांगाडा यांच्यामध्ये आधाराचा दांडा लावलेला बरा.

बोटीतली उशी, झाकण, टोपल्या वाऱ्यानं उडतात आणि मागच्या गाडीच्या काचेवर जातात. ते सगळं आत कोंबून बंद करा. बोटीची जमिनीपासूनची सर्वांत मोठी उंची, छत आणि अँटेनासकट, टेपनं मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा.

टायर आणि बेअरिंग

आपल्या उदाहरणात १,७५० पैकी १४० किलो हिचवर गेले. उरलेले १,६१० दोन टायरांवर, म्हणजे एकेकावर ८०५. टायरवर भाराचा निर्देशांक छापलेला असतो. १०० म्हणजे ८०० किलो, १०१ म्हणजे ८२५. इथे १०० चा टायर पाच किलोंनी अपुरा पडतो, आणि १०१ चाही जेमतेम पुरतो. मी त्याहून वरचा घेईन.

टायर थंड असताना, निघण्याआधी, हवा तपासा आणि पुस्तिकेत दिलेल्या भारासाठीच्या दाबाइतकी भरा. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि फुटतो, शिवाय ट्रेलर झुलायलाही मदत करतो. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण ते वर्षातले बरेच महिने उन्हात एकाच जागी उभे असतात. बाजूवर चार आकडी शिक्का असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा विचार करावा. वेगाचीही मर्यादा असते. अमेरिकेत खास ट्रेलरसाठी बनणाऱ्या अनेक टायरांची ती ताशी १०५ किलोमीटर आहे. गाडीची स्टेपनी बहुधा ट्रेलरला बसत नाही, तेव्हा ट्रेलरची वेगळी घ्या, आणि त्याच्या नटांना बसणारा पाना व त्याला उचलणारा जॅकही.

बेअरिंग हा मात्र बोटीच्या ट्रेलरचा खास आजार आहे. दुसरा कोणताही ट्रेलर असा नाही जो तासभर रस्त्यावर तापतो आणि लगेच पाण्यात बुडवला जातो. चाकाच्या मध्यभागाला हब म्हणतात. त्यात बेअरिंग, ग्रीस आणि थोडी हवा असते. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते, पोकळी तयार होते आणि मागच्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पाणी मिसळलं की ग्रीस दुधाळ होतं, पोलादाला गंज चढतो, गोळ्यांच्या वाटेवर खड्डे पडतात. पुढच्या प्रवासात तेच बेअरिंग तापून अडकतं किंवा तुटतं, आणि चाक निखळून पडतं. आज पाण्यात घडलेली चूक महिन्यांनी रस्त्यावर दिसते, म्हणून लोकांना तिचं कारण सापडत नाही.

उपाय अवघड नाहीत. पाण्याजवळ पोहोचलात की बोट तयार करण्यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. ती ट्रेलर पाण्यात घालण्याआधी घालवा, तेवढ्यात हब निवतो. पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस वापरा. हबच्या टोकाला स्प्रिंग असलेली टोपी मिळते, ती आतल्या ग्रीसवर किंचित दाब ठेवते, त्यामुळे पाण्याला आत यायला वाव कमी राहतो. वर्षातून एकदा बेअरिंग उघडून धुऊन नवं ग्रीस भरा. मध्येच तपासायचं तर चाक उचलून हातानं फिरवा. खरखर ऐकू आली, किंवा वरून-खालून धरून हलवल्यावर चाक खुळखुळलं, तर निघू नका. वाटेत थांबाल तेव्हा हाताची मागची बाजू हबजवळ न्या. कोमट ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा बराच गरम असेल, किंवा हात ठेववत नसेल, तर तो काहीतरी सांगतोय. ग्रीस भरलेला तयार हब सोबत असला तर रस्त्याच्या कडेला अर्ध्या तासात काम होतं.

रस्त्यावर

पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबा. पट्टे सैल पडलेले असतात, साखळ्या सरकलेल्या असतात. चाकाचे नट नुकतेच काढून लावले असतील तर तेही पुन्हा आवळा.

ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग पाव पटीनं वाढतो, पण ब्रेकनं जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर वाढते: ती ५६ टक्के जास्त होते. वर आता गाडीबरोबर पावणेदोन टनही थांबवायचे आहेत. पुढच्या गाडीपासून एरवीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. जर्मनीत ट्रेलर जोडलेल्या कारसाठी ताशी ८० किलोमीटर ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि मला तो आकडा कुठेही शहाणपणाचाच वाटतो. परवाना, रुंदी आणि ब्रेक यांचे नियमही देशागणिक बदलतात. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतं, त्यापुढे ते लागतातच.

बोटीच्या अनेक ट्रेलरना ढकलीचे ब्रेक असतात. गाडी मंदावली की मागून येणारा ट्रेलर कपलरला रेटतो, त्या रेट्यानं एक दट्ट्या दाबला जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. विजेची गरज नाही, म्हणून पाण्यात जाणाऱ्या ट्रेलरला सोयीचे. पण लांब घाट उतरताना ट्रेलर सतत रेटत राहतो, ब्रेक सतत थोडे लागलेले राहतात आणि तापून निकामी होऊ शकतात. म्हणून उताराच्या आधीच वेग कमी करून खालच्या गिअरमध्ये उतरा. थोडा वेळ ठाम ब्रेक लावा, मग सोडून त्यांना निवायला अवधी द्या. चढावर मागे घेतानाही असे ब्रेक आपोआप लागतात. त्यासाठी खिट्टी किंवा रिव्हर्सच्या दिव्यावर चालणारी कळ असते.

वळणावर ट्रेलरची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात. कोपरा ओलांडून थोडं पुढे जाऊन मग वळा.

आणि ट्रेलर झुलू लागला तर? पाय ॲक्सिलरेटरवरून हळूहळू उचला. स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा. झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायचा मोह होतो. माणसाचा हात झोक्यापेक्षा किंचित उशिरा पोहोचतो आणि झोक्यातच भर घालतो. जोरात ब्रेक मारू नका. ट्रेलरला विजेचे ब्रेक आणि गाडीत त्यांची वेगळी कळ असेल तर फक्त ती हलकेच दाबा. वेग वाढवून ट्रेलर सरळ ओढून घ्यावा असा एक जुना सल्ला ऐकायला मिळतो. तो पाळू नका, कारण झोका वाढवणारी गोष्ट वेगच आहे. गाडी शांत झाली की सुरक्षित जागी थांबा, हवा बघा, पट्टे बघा, जड सामान पुढे घ्या. नुसतं हळू चालवून पुढचा प्रवास पार पाडू नका. कारण शोधल्याशिवाय झोका परत येणार.

मागे घेणं आणि पाण्यात उतरवणं

स्टिअरिंगचा तळ एका हातानं धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाईल. एवढं लक्षात ठेवलं की उलटसुलट विचार करावा लागत नाही. हालचाल लहान, वेग चालण्याइतका. कोन वाढला की पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. हट्टानं मागे रेटत राहिलात तर गाडी आणि ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटतात. आखूड ट्रेलर जास्त पटकन वळतो, लांब ट्रेलर सावकाश. मोकळ्या मैदानात तासभर सराव केला तर पाण्याच्या काठावर घाम फुटत नाही.

रॅम्पवर जाण्याआधी बाजूला थांबून तयारी करा: बोटीच्या तळाचं बूच घट्ट लावा, मागचे पट्टे सोडा, इंजिनाचा आधार काढा, नाळेला दोर बांधा, दिव्यांची वायर गाडीतून काढा, कारण पेटून तापलेले बल्ब थंड पाण्यात तडकतात. विंचचा पट्टा आणि पुढची साखळी मात्र पाण्याच्या कडेपर्यंत राहू द्या. रोलर असलेल्या ट्रेलरवरून सुटी बोट उतारावर सरळ काँक्रीटवर घसरते.

गाडीत चालकाशिवाय कुणी नको. काच खाली, सीटबेल्ट सोडलेला. ओल्या रॅम्पवर शेवाळ असतं, तिथे टायरही घसरतो आणि पायही. हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकांमागे ठोकळा लावूनच खाली उतरा. ट्रेलरच्या मागे किंवा ताणलेल्या विंचच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. सुटलेला विंचचा हँडल मनगट मोडतो.

बोट परत ट्रेलरवर घेतली की ती सकाळची बोट राहिलेली नसते. दोर भिजलेत, खोकी कुठेतरी टाकलीयत आणि तळात पाणी साचलंय. रॅम्पच्या चढावर ते सगळं पाणी मागे, ट्रान्समजवळ जमतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि तेही धुऱ्याच्या मागे. नेमक्या याच अवस्थेत, दमलेल्या अंगानं, घाईघाईत लोक घरी निघतात. रॅम्पवरून वर येऊन बाजूला थांबा. सामान जागेवर ठेवा, पट्टे लावा, वायर जोडून दिवे बघा. तळावर, ट्रेलरवर चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले काढून टाका, म्हणजे एका तळ्यातले जीव दुसऱ्या तळ्यात जाणार नाहीत. खारं पाणी असेल तर घरी गेल्यावर ब्रेक आणि सांगाडा गोड्या पाण्यानं धुवा. आणि सगळ्यात आधी तळाचं बूच काढा. गाडी चढावर तोंड करून उभी असतानाच पाणी मागून वाहू द्या, आणि धार थेंबांवर येईपर्यंत तिथेच थांबा.